फोटोंच्या फाइल हलक्या करताना फॉरमॅटचा विचार शेवटी का करावा

आपला प्रश्न मला असा समजला आहे. गुहागरजवळ आपले 4 खोल्यांचे घरगुती निवास आहे आणि त्याच्या वेबसाइटवर मोबाइलने काढलेले 30 फोटो आहेत. प्रत्येक फोटो 4 ते 6 एमबीचा असल्यामुळे पाहुण्यांकडे पान उघडायला फार वेळ लागतो. ‘पीएनजी करा, दर्जा चांगला राहतो’ असे कोणी सुचवल्यावर आपण फोटो पीएनजीमध्ये बदलले, तर एकेक फाइल 20 एमबीच्या आसपास गेली. मग काही फाइलींच्या नावाचे टिंबानंतरचे शेपूट बदलून ‘वेबपी’ केले, तरी आकारात काडीचाही फरक पडला नाही. त्याच पानावर खोल्यांचे दरपत्रक, घरापर्यंत येण्याचा हाताने काढलेला नकाशा, आपले बोधचिन्ह आणि भाच्याने आयफोनवर काढलेले काही फोटोही आहेत. या सगळ्यांना कोणत्या एका फॉरमॅटमध्ये बदलावे आणि त्यात दर्जा किती जाईल, असे आपण विचारले आहे.

सगळ्यांना एकच फॉरमॅट लावण्याचा विचार आधी बाजूला ठेवावा लागेल, कारण आपल्या पानावर वेगवेगळ्या जातींची चित्रे आहेत आणि त्यांना उपायही वेगवेगळे लागू पडतात. मी रत्नागिरीत छपाईचे आणि वेबसाइटचे काम करतो. बागायतदार, खानावळी आणि आपल्यासारखी निवासे चालवणारी मंडळी हे माझे बहुतेक ग्राहक, आणि त्यांचाही पहिला प्रश्न बहुधा फॉरमॅटचाच असतो. माझ्या अनुभवात मात्र फाइल हलकी होण्यात सर्वांत मोठा वाटा फोटोच्या लांबी-रुंदीचा असतो, त्याखालोखाल जतन करताना निवडलेल्या क्वालिटीचा, आणि फॉरमॅटचा क्रम त्यानंतर लागतो. आपण या क्रमाच्या शेवटच्या टोकापासून सुरुवात केली, म्हणून एवढी खटपट करूनही फाइल वाढल्या.

आकडे मांडून पाहिले की हे लगेच पटते. 12 मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो 4000 बाय 3000, म्हणजे 1 कोटी 20 लाख पिक्सेलचा (रंगीत ठिपक्यांचा) असतो. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांसाठी एकेक बाइट धरला तर तो काहीही न दाबता ठेवायला 36 एमबी लागतील. आपली मूळ फाइल 4 ते 6 एमबीची आहे, म्हणजे मोबाइलने फोटो काढताक्षणीच तो सहा ते नऊ पटींनी दाबून ठेवलेला आहे. हे काम जेपीईजी हा फॉरमॅट करतो. आता पाहुण्याच्या बाजूने पाहू. 30 फोटो सरासरी 5 एमबीचे धरले तर पान 150 एमबीचे होते, आणि ज्याच्या मोबाइलला सेकंदाला 1 मेगाबिट (म्हणजे एका एमबीचा आठवा भाग) एवढाच वेग मिळतो आहे, त्याला ते पूर्ण उतरवायला 20 मिनिटे लागतील. घाट उतरल्यावर किंवा खाडीकाठच्या गावात रेंज मिळण्याची जी तऱ्हा आहे, ती पाहता हा हिशेब अतिशयोक्तीचा नाही. हेच फोटो सरासरी 250 केबीचे केले तर सगळे पान साडेसात एमबीचे, म्हणजे त्याच वेगाने एका मिनिटाचे काम होते, आणि वरचे पहिले दोन-तीन फोटो तर काही सेकंदांत दिसू लागतात.

पीएनजी केल्यावर फाइल का वाढली, हे समजण्यासाठी दोन्ही फॉरमॅट चित्राकडे कसे पाहतात ते माहीत असावे. 1992 मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारला गेलेला जेपीईजी हा मुळातच फोटोंसाठी तयार केलेला आहे. तो उजेड आणि रंग वेगळे करतो, आणि माणसाचा डोळा रंगातले बारकावे उजेडाच्या बारकाव्यांइतके टिपत नसल्यामुळे रंगाची माहिती बहुधा निम्म्या लांबी-रुंदीने ठेवतो. मग चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात ठळक चढउतार किती आणि बारीक चढउतार किती हे मोजतो, आणि बारीक चढउतारांचे आकडे ढोबळ करून टाकतो. जे ढोबळ झाले ते कायमचे गेले, ते परत मिळत नाही. याउलट 1996 मध्ये आलेला पीएनजी एकही पिक्सेल बदलत नाही. तो शेजारच्या पिक्सेलवरून पुढच्या पिक्सेलचा अंदाज बांधतो, अंदाजातली चूक तेवढी नोंदवतो आणि नोंदींत पुन्हा पुन्हा येणारे नमुने शोधून ते थोडक्यात लिहितो. सपाट रंगाच्या चित्रात अंदाज बरोबर येतो आणि फाइल अगदी छोटी होते. फोटोत मात्र पांढऱ्या भिंतीचेसुद्धा कोणतेही दोन शेजारचे पिक्सेल क्वचितच सारखे असतात, त्यामुळे अंदाज सतत चुकतो आणि ती प्रत्येक चूक इमानाने लिहून ठेवावी लागते.

पीएनजीत दर्जा चांगला राहतो हे विधान खोटे नाही, पण आपल्या बाबतीत ते गैरलागू आहे. मोबाइलने जेपीईजी करताना जे टाकून दिले, ते पीएनजी केल्याने परत येत नाही. जेपीईजीने जे काही बिघडवले असेल तेच पीएनजी जसेच्या तसे आणि चौपट जागा घेऊन जतन करतो. मिळत काहीच नाही, जागा मात्र जाते.

नावाचे शेपूट बदलण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. फाइल कोणत्या जातीची आहे हे तिच्या आतल्या सुरुवातीच्या बाइटांवरून ठरते. पीएनजी फाइलच्या सुरुवातीला तर तिचे नावच लिहिलेले असते. नाव बदलल्याने आतला मजकूर बदलत नाही, आणि तरीही फोटो उघडत असेल तर तो पाहणारा प्रोग्रॅम नावाकडे दुर्लक्ष करून आतले बाइट वाचतो म्हणून. त्या फाइलींची नावे पूर्ववत करून ठेवा, नाही तर पुढे त्यांचाच घोटाळा होईल.

आता लांबी-रुंदीकडे येऊ. आपले पाहुणे बहुतेक मोबाइलवरच पान पाहत असणार, आणि उभ्या धरलेल्या मोबाइलच्या पडद्याची रुंदी बऱ्याचदा 1080 पिक्सेल असते. लॅपटॉपची 1366 किंवा 1920. त्यामुळे पानभर रुंद दिसणाऱ्या फोटोला 1600 पिक्सेलची रुंदी मी पुरेशी मानतो. 4000 बाय 3000 चा फोटो 1600 बाय 1200 केला की पिक्सेल 1 कोटी 20 लाखांवरून 19 लाख 20 हजारांवर येतात, म्हणजे सव्वासहा पट कमी होतात, आणि पाहणाऱ्याच्या पडद्यावर त्यातला फरक जवळजवळ कळत नाही, कारण तो पडदा तेवढेच पिक्सेल दाखवू शकतो. खोल्यांच्या यादीत जे छोटे चौकोनी फोटो दिसतात, त्यांच्यासाठी 500 पिक्सेलची वेगळी प्रत करावी. मोठाच फोटो लहान करून दाखवण्याची सोय वेबसाइटच्या सांगाड्यात असते, पण तेव्हाही पाहुण्याच्या मोबाइलवर फाइल मोठीच उतरते. एक सूट मात्र ठेवावी. पाहुण्यांनी फोटो बोटांनी मोठा करून बारकावे पाहावेत अशी अपेक्षा असेल, उदाहरणार्थ गच्चीवरून दिसणारा सगळा किनारा, तर तो एखादा फोटो 2400 पिक्सेलचा ठेवायला हरकत नाही.

इथपर्यंतचे कोणत्याही गावाला लागू पडते. पुढचा मुद्दा किनारपट्टीवरच्या फोटोंना विशेष लागू पडतो, आणि फोटो हलके करण्यावर जे लिहिलेले सापडते त्यात तो सहसा नसतो. एकाच मापाच्या आणि एकाच क्वालिटीच्या दोन जेपीईजी फाइलींच्या आकारात तिप्पट-चौपट फरक पडू शकतो, कारण फाइल किती मोठी होणार हे फोटोत काय आहे यावर अवलंबून असते. खोलीतल्या पांढऱ्या भिंतीचा आणि चादर नीट अंथरलेल्या पलंगाचा फोटो 1600 पिक्सेलला 120 केबीत सहज बसतो. त्याच मापाचा माडांच्या झावळ्यांचा, सुरूच्या बनाचा, चिऱ्यांच्या गडग्याचा किंवा फुटणाऱ्या लाटेच्या फेसाचा फोटो 500 केबीच्या वर जातो, कारण तिथे प्रत्येक 8 बाय 8 च्या चौकोनात बारीक चढउतारच भरलेले असतात आणि ढोबळ करण्यासारखे फारसे काही उरत नाही. कोकणातल्या घराच्या फोटोत हे सगळे असायचेच. म्हणून ‘प्रत्येक फोटो 200 केबीच्या आत’ असा सरसकट नियम मी लावत नाही. तो लावला की भिंतीच्या फोटोत काही बिघडत नाही आणि झावळ्यांचा मात्र हिरवा चिखल होतो.

दुसऱ्या टोकाला संध्याकाळचे आकाश आहे. त्याची फाइल लहान होते, पण ते फसवे असते. सूर्यास्ताच्या फोटोत केशरीपासून जांभळ्यापर्यंत रंग अतिशय हळू बदलत जातो, आणि क्वालिटी खाली आणली की त्या हळुवार बदलाच्या जागी रंगाचे पट्टे आणि चौकोन दिसू लागतात. झावळ्यांच्या गर्दीत हेच दोष असूनही लपतात. त्यामुळे ज्या फोटोची फाइल आधीच लहान आहे त्याची क्वालिटी थोडी वर ठेवावी आणि ज्याची मोठी आहे त्याची थोडी खाली आणली तरी चालते, असा काहीसा उलटा नियम हाती येतो.

पावसाळ्यातल्या फोटोंचा प्रश्न आणखी निराळा असतो. आषाढात दुपारीसुद्धा पडवीत उजेड इतका कमी असतो की मोबाइल आपोआप सेन्सरची संवेदनशीलता वाढवतो आणि फोटोभर बारीक दाणे येतात. ते दाणे म्हणजे कॉम्प्रेशनच्या, म्हणजे फाइल दाबण्याच्या, दृष्टीने माहितीच. त्यामुळे अंधुक, फारसा कामाचा नसलेला फोटो लख्ख उन्हातल्या फोटोपेक्षा जड निघतो. अशा फोटोत दाणे कमी करण्याची सोय सौम्यपणे वापरली आणि मग माप लहान केले, तर फाइल बरीच उतरते आणि फोटो दिसतोही बरा. शक्य असेल तर खोल्यांचे फोटो ऑक्टोबरनंतर, सकाळी, दारेखिडक्या उघडून पुन्हा काढावेत असे मी सुचवेन. कोणत्याही फॉरमॅटपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

क्वालिटीचा आकडा हा टक्का समजू नये. 80 म्हणजे मूळच्या 80 टक्के दर्जा असे काही नसते, आणि एका प्रोग्रॅममधले 80 दुसऱ्या प्रोग्रॅममधल्या 80 शी जुळतेच असेही नाही. फोटोशॉपमध्ये तर जेपीईजी जतन करताना 0 ते 12 असे वेगळेच माप येते. 90 च्या वर आकार भराभर वाढतो आणि डोळ्याला मिळते ते नगण्य. 60 च्या खाली दोष उघडे पडू लागतात. वेबसाइटसाठी मी 75 ते 82 च्या दरम्यान राहतो, आकाशाच्या फोटोंना 85 देतो. पाहायचे ते फोटो शंभर टक्के मापात ठेवून, आणि तेही माणसाच्या चेहऱ्यावर, छपराच्या कडेला जिथे आकाश सुरू होते तिथे, आणि पाटीवरच्या अक्षरांवर. कुठे बिघडले असेल तर पहिल्यांदा तिथेच दिसते.

आता फॉरमॅट. फोटोंसाठी आज व्यवहारात तीन पर्याय आहेत: जेपीईजी, वेबपी आणि एव्हीआयएफ. वेबपी गूगलने 2010 मध्ये आणला, आणि त्याच क्वालिटीच्या जेपीईजीपेक्षा तो 25 ते 34 टक्के लहान असतो असा गूगलचा दावा आहे. माझ्या कामात खोल्यांच्या आणि आकाशाच्या फोटोंना एवढी बचत मिळते, झावळ्या आणि जांभ्याच्या फोटोंना कमी. कारण कमी क्वालिटीला वेबपी पृष्ठभाग गुळगुळीत करतो आणि चिऱ्याचा खरखरीतपणा पुसला जातो, म्हणून तिथे क्वालिटी वर न्यावी लागते आणि बचत आटते. आयफोनच्या सफारीत वेबपी 2020 पासून दिसतो, त्यामुळे आज बहुसंख्य पाहुण्यांना तो अडचणीशिवाय दिसेल. एव्हीआयएफचे प्रमाण 2019 चे. आकाशासारख्या हळुवार रंगबदलात तो या दोघांहून सरस ठरतो आणि फाइलही आणखी लहान होते, पण फाइल तयार व्हायला वेळ लागतो, आणि क्रोममध्ये 2020, फायरफॉक्समध्ये 2021 तर सफारीत 2022 पासूनच तो चालत असल्यामुळे जुन्या मोबाइलवर फोटोच्या जागी रिकामा चौकोन दिसण्याची शक्यता राहते. एकाच फोटोच्या दोन-तीन प्रती ठेवून ब्राउझरला झेपेल ती उचलू देण्याची सोय एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान लिहिण्याच्या भाषेत, आहे. आपली वेबसाइट ज्यांनी केली त्यांना ती माहीत असेल, पण 30 फोटोंच्या पानासाठी तो खटाटोप करावा असे मला वाटत नाही. आपल्यासाठी माझे मत वेबपीच्या बाजूने आहे. वेबपी करणे जमत नसेल तर 1600 पिक्सेल आणि 78 क्वालिटीचा जेपीईजीही काम भागवतो. 5 एमबीवरून 300 केबीवर येण्यातला जवळजवळ सगळा फायदा तिथेच मिळालेला असतो.

कोणताही पर्याय घेतला तरी प्रत्येक वेळी मूळ फाइलपासूनच सुरुवात करावी. जेपीईजी उघडून, बदलून, पुन्हा जेपीईजी किंवा वेबपी म्हणून जतन केला की पुन्हा एकदा ढोबळ करण्याची क्रिया होते, आणि आधीच्या फेरीत आलेले दोषही नव्या फेरीला खरी माहितीच वाटतात. म्हणून मी मूळ फोटोंचा फोल्डर वेगळा ठेवतो, त्यात काहीही जतन करत नाही, आणि कामाचा क्रम असा ठेवतो: आधी फोटो सरळ करून नको ती बाजू कापणे, मग उजेड आणि दाणे दुरुस्त करणे, मग माप लहान करणे, त्यानंतर लागल्यास किंचित धार देणे (कडा ठळक करणे), आणि शेवटी एकदाच क्वालिटी ठरवून जतन करणे. धार जास्त दिली की फाइल पुन्हा वाढते, म्हणून ‘किंचित’ हा शब्द गांभीर्याने घ्यावा.

या क्रमात दोन अडचणी हमखास येतात. फोटोबरोबर मोबाइल बरीच माहिती लिहून ठेवतो: तारीख, कॅमेऱ्याचे नाव, ठिकाण आणि फोटो उभा आहे की आडवा. ही माहिती काढून टाकली की काही केबी वाचतात, पण मोबाइल उभा धरून काढलेला फोटो आत प्रत्यक्षात आडवाच साठवलेला असतो आणि ‘फिरवून दाखवा’ एवढीच नोंद त्याच्यासोबत असते. आधी फोटो खरोखर फिरवून न घेता माहिती पुसली, तर वेबसाइटवर विहीर आडवी पडलेली दिसते. दुसरी अडचण रंगांची. अलीकडचे आयफोन नेहमीपेक्षा विस्तृत रंगपट्ट्यात फोटो साठवतात आणि तशी नोंद फाइलमध्ये ठेवतात. ती नोंद नुसतीच पुसली तर ब्राउझर त्या आकड्यांचा अर्थ सामान्य रंगपट्ट्यातला समजतो, आणि हापूसच्या रंगासकट सगळा फोटो फिका पडतो. म्हणून आधी रंग एसआरजीबी या सामान्य रंगपट्ट्यात बदलून घ्यावेत आणि मग नोंद काढावी. ठिकाणाच्या नोंदीबद्दल म्हणाल तर निवासाचा पत्ता आपण स्वतःच जाहीर करता, तिथे लपवण्यासारखे काही नाही. परंतु आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि एखाद्या घरट्याचा फोटो टाकणार असाल तर ठिकाणाची नोंद नक्की काढा.

भाच्याचे आयफोनचे फोटो बहुधा एचईआयसी फॉरमॅटमध्ये असतील. 2017 पासून आयफोन हा फॉरमॅट वापरतात, आणि तो जेपीईजीपेक्षा निम्म्याच्या आसपास जागा घेतो. पण सफारी सोडून इतर प्रमुख ब्राउझर तो दाखवत नाहीत, म्हणून तो वेबसाइटवर तसाच चढवता येत नाही. तो जेपीईजी केला की फाइल वाढलेली दिसेल; त्याने गोंधळून जाऊ नये, माप लहान केल्यावर ती उतरणारच आहे. पुढच्या वेळी भाच्याला कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन फॉरमॅट्सखाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडायला सांगितले, तर फोटो सरळ जेपीईजीतच निघतील.

नकाशा, दरपत्रक आणि बोधचिन्ह यांना मात्र वरचे काहीच लागू नाही. हाताने काढलेला नकाशा आपण मोबाइलने फोटो काढून टाकला असणार. ते खरे तर रेघांचे चित्र आहे आणि पीएनजीला तेच आवडते, पण कागदाचा पिवळसरपणा, घडीची सावली आणि दाणे यांमुळे पीएनजीला त्यातही लाखो वेगवेगळे रंग सापडतात आणि फाइल फुगते. आधी जीआयएमपी या मोफत प्रोग्रॅममध्ये उजेड-काळोख ठरवणारी ‘लेव्हल्स’ ही सोय वापरून कागद पूर्ण पांढरा आणि शाई पूर्ण काळी करून घ्यावी, रुंदी 1200 पिक्सेलवर आणावी, आणि मग चित्र ‘इंडेक्स्ड’ (मोजक्या रंगांच्या यादीवर चालणारे) करून रंग 16 वर आणावेत. 16 रंगांना प्रत्येक पिक्सेलमागे 24 ऐवजी 4 बिट पुरतात, आणि पांढरा भाग सपाट झाल्यामुळे पीएनजीचा अंदाजही बरोबर येऊ लागतो. असा नकाशा 40-50 केबीत बसतो आणि अक्षरे धारदार राहतात. तोच जेपीईजी केला तर प्रत्येक अक्षराभोवती माशा बसल्यासारखे ठिपके दिसतात, आणि लाल शाईने लिहिलेली नावे फिसकटतात, कारण रंगाची माहिती निम्म्या मापाने ठेवलेली असते. नेहमीचा वेबपीही रंगाच्या बाबतीत असेच करतो, त्यामुळे नकाशाला वेबपी करायचाच असेल तर त्याचा काहीही टाकून न देणारा ‘लॉसलेस’ प्रकार निवडावा.

दरपत्रक चित्राच्या रूपात ठेवूच नये. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत 3 बाइट घेते, म्हणजे 600 चिन्हांचे दरपत्रक 2 केबीच्याही आत बसते. ते शोधात सापडते, मोबाइलवर मोठे करून वाचता येते, आणि मे महिन्यात दर बदलले की नवीन चित्र करावे लागत नाही. बोधचिन्ह ज्याने काढले त्याच्याकडे मूळ रेखाकृतीची फाइल असेल तर ती एसव्हीजी या रेखाकृतींच्या फॉरमॅटमध्ये मागून घ्या. नसेल तर पारदर्शक पीएनजी चालेल. जेपीईजीत पारदर्शकता नसते, म्हणून तिथे बोधचिन्हामागे पांढरा किंवा काळा चौकोन येतो.

साधनांपैकी क्वालिटी ठरवण्यासाठी मी गूगलने काढलेले स्कूश वापरतो. मूळ आणि बदललेला फोटो मध्ये एक उभी रेघ सरकवून शेजारी शेजारी पाहता येतो, आणि सगळे काम आपल्याच ब्राउझरमध्ये होत असल्यामुळे फोटो कुठे बाहेर जात नाही. फोटो स्वतःकडे चढवून बदलून देणाऱ्या अनोळखी वेबसाइट पाहुण्यांच्या ओळखपत्रांसाठी आणि सातबाऱ्याच्या प्रतींसाठी कटाक्षाने टाळाव्यात. 30 फोटो एकदम करायला विंडोजवर इरफानव्ह्यूची ‘बॅच’ सोय सोपी आहे, मात्र तो घरगुती वापरालाच मोफत आहे. व्यवसायासाठी त्याचा परवाना घ्यावा लागतो. इमेजमॅजिक पूर्ण मोफत आहे, पण त्यात आज्ञा टाइप कराव्या लागतात, आणि त्याची ‘मॉग्रिफाय’ ही आज्ञा फॉरमॅट तोच ठेवला तर सहसा मूळ फाइलवरच नवी फाइल लिहून मोकळी होते, एवढे लक्षात ठेवून ती प्रतींवरच चालवावी.

छपाईची बाब निराळी. फलक किंवा पत्रकासाठी आपल्या छापखान्याला या हलक्या केलेल्या फाइल देऊ नका, मूळच द्या. 4000 बाय 3000 चा फोटो इंचाला 300 ठिपक्यांनी छापला तर 13 बाय 10 इंच होतो, 1600 चा जेमतेम सव्वापाच इंच. फाइलमधला ‘डीपीआय’चा आकडा 300 वरून 72 केल्याने फाइल हलकी होते हा समज मला अजून भेटतो. तो आकडा म्हणजे छापताना वापरायची केवळ नोंद आहे. पिक्सेल तेवढेच राहिले तर आकारही तेवढाच राहतो. खोल्या आरक्षित करण्याच्या मोठ्या संकेतस्थळांवर फोटो टाकतानाही मोठा, चांगल्या क्वालिटीचा जेपीईजीच द्यावा, कारण ती संकेतस्थळे स्वतःच त्याच्या लहान प्रती करतात आणि आपण आधीच पिळून दिलेला फोटो तिथे पुन्हा पिळला जातो.

राहिला प्रश्न आत्ता तयार असलेल्या पीएनजी फाइलींचा. मोबाइलमध्ये मूळ जेपीईजी असतील, तर प्रत्येकाची खात्री करून पीएनजी खुशाल काढून टाका. मूळ पुसले गेले असतील तर घाबरण्याचे कारण नाही, कारण पीएनजीत त्या जेपीईजीतला प्रत्येक पिक्सेल शाबूत आहे. त्या पीएनजीलाच मूळ मानून पुढचे काम करता येईल. जे फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेले असतील, ते पाठवतानाच लहान झालेले आणि दाबलेले असतात. त्यांचे माप वाढवू नका, आणि 300 केबीच्या आत असतील तर फॉरमॅटही बदलू नका, तसेच वापरा. त्याहून चांगले म्हणजे पाठवणाऱ्याकडे मूळ फोटो अजून असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा मागवून घ्या, म्हणजे फाइल जशीच्या तशी येईल.